वीस वर्षं जुन्या गाडीत भंगारातल्या गरम सीटा बसवाव्यात का?

गोठलेला_गोट्या | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवाय. जमलं तर बायकोला दाखवायला चार समर्थनार्थ प्रतिसादही.

मुक्काम मिनियापोलिस. गाडी २००३ ची होंडा सीआर-व्ही एलएक्स (म्हणजे साधं मॉडेल), कापडी सीटांची. हात लावाल तिथे गंज, पण इंजिन अजून पहिल्या किल्लीला सुरू होतं. जानेवारीत सकाळी उणे २५ सेल्सियसला त्या सीटवर टेकलं की ओल्या फरशीवर बसल्यासारखं वाटतं. हीटरमधून कोमट हवा यायला लागते तोवर माझं ऑफिस आलेलं असतं.

परवा जंकयार्डात बाजूच्या आरशाची काच शोधायला गेलो होतो. तिथे २००६ ची सीआर-व्ही एसई (वरचं मॉडेल) उभी. मागून ठोकलेली, पुढचं सगळं धड. आत लेदरच्या, गरम होणाऱ्या सीटा! ड्रायव्हरच्या बाजूची कड चढता-उतरताना घासून पांढरी पडलीय, बाकी शिवण कुठे उसवलेली नाही. पुढच्या दोन्ही मिळून १४० डॉलर म्हणाला.

बोल्ट जुळतील ना? माझ्या गाडीत सीट गरम करायची वायरिंगच नाही, ती कुठून आणायची? एसईच्या सीटांत साइड एअरबॅग आहेत, माझ्या एलएक्समध्ये नाहीत, त्याचं काय करायचं? आणि मुख्य म्हणजे हा वेडेपणा आहे का? बायकोच्या मते गाडीची किंमत आणि सीटांची किंमत आता एकच होणार आहे.

---

टवाळ_पांडू | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४४

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो.

---

बोल्टू | १५ नोव्हेंबर, रात्री ११:२०

पांडू, गप रे. गोट्याभाऊ, जरूर करा. मी मिशिगनमध्ये असताना जुन्या व्होल्वोत केलं होतं, त्यातले चटके सांगतो.

२००२ ते २००६ ही सीआर-व्हीची एकच पिढी, त्यामुळे बसण्याच्या जागा जुळतात. सीटला चार बोल्ट, १४ मिमीचा पाना. सीट पुढे सरकवून मागचे दोन काढा, मग मागे सरकवून पुढचे दोन. ऐकायला सोपं आहे. पण बुटांवरचं रस्त्याचं मीठ वीस वर्षं त्या कार्पेटमध्ये मुरलंय, म्हणजे तुमच्याच गाडीतले बोल्ट तुम्हाला रडवतील. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि लांब दांड्याचा पाना घ्या. माझा एक बोल्ट तुटला तो ड्रिलने काढताना रविवार गेला.

यार्डात जाताना १२ व्होल्टची छोटी बॅटरी न्या. तिथल्या गाड्यांच्या बॅटऱ्या आधीच काढलेल्या असतात. बटणावर सरकणारी सीट असली आणि ती मागच्या टोकाला अडकलेली असली की मागचे बोल्ट निघतच नाहीत. मी तासभर तिच्याकडे नुसता बघत बसलो होतो.

आणि घ्यायच्या आधी सीट उलटी करा. स्प्रिंगांवर गंज आणि फोमवर गाळाची रेघ दिसली की गाडी पुरातली समजा. १४० काय, फुकट दिली तरी घेऊ नका.

---

नागपुरी_संत्रं | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

काहून येवढा खटाटोप करून राहिले बाप्पा? आमच्या इथं मे महिन्यात गाडी उन्हात लावा, दहा मिनिटांत सीट फुकटात तापते. स्विच नाही, फ्यूज नाही. फक्त बंद करता येत नाही.

---

वायरमन_वसंत | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

बोल्टूंनी यांत्रिक बाजू सांगितली, मी विजेची सांगतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

सीटखाली वेगवेगळे कनेक्टर दिसतील. पिवळा असेल तो एअरबॅगचा. त्यावर मल्टिमीटर चुकूनही लावू नका. मीटर ओहम मोजताना आत थोडा करंट सोडतो, आणि एअरबॅग फोडायला तेवढाही पुरू शकतो. तुम्ही त्या वेळी सीटवर ओणवे असणार, तोंड नेमकं तिथेच.

हीटरचा कनेक्टर वेगळा असतो. त्याच्या पिनांमध्ये ओहम मोजा. एक आकडी ओहम आले तर जीव आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. जास्त करून ड्रायव्हरच्या गादीची तार जाते, कारण लोक मागच्या सीटवरचं सामान घ्यायला तिच्यावर गुडघा रोवतात. मीटरवर भागवू नका, सोबत नेलेली बॅटरी लावून बघा. तीन-चार मिनिटांत हाताला ऊब लागली पाहिजे, गादीला आणि पाठीला दोन्हीकडे.

त्या गाडीतून नुसत्या सीटा काढून येऊ नका. दोन्ही स्विच काढा आणि प्रत्येक कनेक्टरच्या समोरची जोडीही वीतभर वायरीसकट कापून आणा. हे नंतर वेगळं शोधायला गेलात तर सीटांपेक्षा महाग पडेल. कापायच्या आधी प्रत्येकावर टेप लावून डावं-उजवं लिहा. लिहाच. लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

करंट म्हणाल तर एक सीट साधारण ४ ते ५ अँपिअर घेते, म्हणजे ५०-६० वॅट. दोन मिळून १० च्या आसपास. हा भार लायटरच्या किंवा रेडिओच्या वायरीतून ओढू नका. बॅटरीवरून १२ गेजची जाड वायर, बॅटरीपाशीच २० अँपिअरचा फ्यूज, मग रिले (बारीक करंटने मोठा भार चालू-बंद करणारा स्विच), आणि पुढे प्रत्येक सीटला स्वतःचा छोटा फ्यूज. रिलेला चालू-बंद करणारी बारीक वायर मात्र किल्ली फिरवल्यावरच करंट येतो अशा जागेवरून घ्या. नाहीतर रात्री स्विच चालू राहील आणि सकाळी सीटही गार, बॅटरीही गार.

कार्पेटखालून वायर नेताना सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून बघा. माझ्या एका मित्राने वायर सीटच्या रुळाजवळून नेली होती. सासरेबुवांनी पाय पसरायला सीट मागे ढकलली, वायर चेंगरली आणि खालून धूर. फ्यूज होता म्हणून सासरे आहेत.

---

टवाळ_पांडू | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:४१

>> फ्यूज होता म्हणून सासरे आहेत

हहपुवा. हे लग्नाच्या याद्यांमध्ये घालायला हवं.

---

सेफ्टी_सुलभा | १६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

सगळे उत्साहात आहेत, म्हणून विरोधी सूर मी लावते.

त्या सीटांच्या पाठीत साइड एअरबॅग आहे. तुमच्या गाडीच्या एअरबॅग कंप्युटरला ती माहीतच नाही, म्हणजे ती कधीच उघडणार नाही. पण सीटच्या कडेला 'साइड एअरबॅग' अशी पट्टी आहे. उद्या ही गाडी कुणी विकत घेतली तर तो ती पट्टी वाचून विश्वास ठेवणार. शिवाय होंडाच्या प्रवासी सीटच्या पाठीत बसणाऱ्याची उंची आणि झुकणं ओळखणारे सेन्सर असतात. लहान मूल दाराकडे कललं असेल तर त्या बाजूची एअरबॅग बंद ठेवायला. त्याही वायरी लोंबकळत राहणार.

मला हे पटत नाही. आहेत त्या कापडी सीटांमध्ये बाजारात मिळणारा हीटिंग पॅडचा संच बसवा. पातळ कार्बन फायबरचे पॅड असतात, कव्हर सोडवायचं, फोमवर चिकटवायचे, कव्हर परत लावायचं. मूळ सीट, मूळ बक्कल, सगळं जसंच्या तसं.

---

बोल्टू | १६ नोव्हेंबर, दुपारी १:०२

सुलभाताई, कव्हर सोडवून परत लावायचं एका ओळीत लिहिलंत. ते कव्हर लोखंडी कड्यांनी आत तारेला अडकवलेलं असतं, एकेक कडी पक्कडीने कापायची, नवीन दाबून बसवायची. एका सीटला मला चार तास लागले आणि शेवटी बसायच्या जागी अशी सुरकुती आली की दर वळणावर आठवण व्हायची.

---

वायरमन_वसंत | १६ नोव्हेंबर, दुपारी १:४०

सुलभाताईंचा मुद्दा अर्धा मान्य. गोट्याच्या गाडीत मुळात साइड एअरबॅग नव्हतीच, म्हणजे त्याचं असलेलं काही जात नाहीये. हीच सीट त्याने साइड एअरबॅगवाल्या गाडीत नुसती टाकून वर रेझिस्टर लावून एअरबॅगचा धोक्याचा दिवा विझवला असता तर मीच पहिला ओरडलो असतो. लोक करतात तसं, आणि ते माणूस मारायचं काम आहे.

फसवी पट्टी मात्र काढाच. पिवळा कनेक्टर मोकळा राहिला तरी सहसा आपोआप फुटत नाही. तो सुटला की आतली धातूची पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे स्टॅटिकने ठिणगी बसू नये म्हणून. पण आतली एअरबॅग काढायला जाऊ नका, सीटची पाठ उघडू नका. आणि बेल्टचं बक्कल जुन्याच सीटवरून काढून नव्या सीटला लावा, म्हणजे गाडीला तिच्या ओळखीचं बक्कल मिळेल.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून किमान तीन मिनिटं थांबायचं. होंडाच्या पुस्तकातच आहे. मी चहा करून येतो तेवढ्यात.

---

म्युनिकची_माई | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

तुम्ही लोक सुखी आहात बाबा. इथे जर्मनीत एअरबॅग स्फोटकांच्या कायद्यात मोडते, म्हणून अशी सीट कुणी ऑनलाइन विकायला काढली की आधी वाद तिच्यावरच. शिवाय दर दोन वर्षांनी गाडी तपासणीला न्यायची. तिथला माणूस सीटखाली टॉर्च मारून बघतो. आमच्या ह्यांनी सीटखाली डब्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या, तर त्याने त्याही बाहेर काढायला लावल्या.

---

इतिहासाचार्य_मोटर | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०८

अवांतर. गरम सीट हे हल्लीचं फॅड वाटतं, पण कॅडिलॅकने १९६६ मध्येच ती पर्याय म्हणून दिली होती. स्वीडनच्या साबने १९७२ पासून आपल्या गाडीत ड्रायव्हरची सीट गरम होणारीच द्यायला सुरुवात केली, आणि तिला बटणही नव्हतं. १४ अंशांच्या खाली पारा गेला की आपोआप सुरू. म्हणजे पुण्यातली गुलाबी थंडी पडली की साबचा ड्रायव्हर भाजला असता.

---

नाना_पेठेतला | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५५

पुण्याला मध्ये आणलंत म्हणून बोलतो. आमच्याकडे सगळ्यांना हल्ली व्हेंटिलेटेड सीट हवी असते, खालून गार वारा. काय एकेक. आमचे आजोबा मृगाजिनावर बसायचे, त्याला ना गरम ना गार. लेदर सीटचा मूळपुरुष तोच.

---

शमी | १६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

लेदरवरून आठवलं. आमच्या गाडीत लेदर आहे आणि आई माळकरी. आली तेव्हा चामड्यावर बसणार नाही म्हणाली. शेवटी लातूरहून आणलेली गोधडी सीटवर घातली, तेव्हा बसली. बोस्टनमध्ये तीन महिने ती गोधडीवर, खाली सीट गरम. मजेत होती. बऱ्याच 'लेदर' सीटांत फक्त बसायचा-टेकायचा भाग चामड्याचा, बाजू आणि मागची बाजू रेक्झिनची असते, हे मी तिला सांगून बघितलं. म्हणाली, मग मी बाजूला बसू का?

---

डॉ_शेकोटी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

शमी, आईंना नमस्कार, पण गोधडीबद्दल एक सांगायलाच हवं. गरम सीटवर जाड पांघरूण किंवा उशी घालू नका असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात असतं. उष्णता खाली कोंडते आणि वर बसलेल्याला उशिरा कळतं.

होंडाच्या पुस्तकातली गंमत बघा. 'हाय'वर सीट तापली की हीटर बंद होतो, गार झाली की पुन्हा सुरू. 'लो' मात्र सतत चालू राहतो, तापमान बघतच नाही. म्हणजे नुसत्या नावावरून सौम्य वाटणारं बटण थांबतच नाही.

ज्यांना मधुमेहामुळे पायांची, मांड्यांची संवेदना कमी झालीय किंवा मणक्याला इजा झालीय, त्यांना चटका बसलेला कळत नाही. सीट हीटरमुळे खोलवर भाजलेल्या अशा रुग्णांची वैद्यकीय साहित्यात नोंद आहे. आणि धडधाकट माणसालाही रोज तासन्‌तास शेक बसला की मांडीच्या मागे जाळीसारखे तपकिरी डाग येऊ शकतात. पोटाशी कांगडी (निखाऱ्यांची शेगडी) धरून बसणाऱ्या काश्मिरी लोकांत हे डाग डॉक्टरांना जुने माहीत आहेत.

घाबरवत नाहीये. दहा मिनिटं चालवा, मग बंद करा. आणि पन्नाशीनंतर सीटवर बसण्याआधी साखर तपासा.

---

टवाळ_पांडू | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

सीटवर बसण्याआधी साखर, बॅटरी काढल्यावर चहा. हा धागा मोटारीचा आहे की उपवासाचा?

---

एडमंटनकर | १७ नोव्हेंबर, पहाटे ५:५०

उणे २५ ला थंडी म्हणणाऱ्यांनो, आमच्याकडे रात्री गाडीचं इंजिनच भिंतीतल्या प्लगला लावून झोपवावं लागतं. ते असो. गोट्या, एकच सांगतो. काम आत्ता कर, जानेवारीची वाट बघू नको. थंडीत प्लॅस्टिकच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात आणि लेदर कडक होऊन चिरा जातात. सीट एक रात्र घरात ठेव, ऊबदार झाली की मग बसव.

---

गोठलेला_गोट्या | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. शनिवारी जातोय. सीट उलटी करून बघेन, बॅटरी नेईन, पिवळ्याला हात लावणार नाही. बायकोला धागा दाखवला. तिने फक्त पांडूचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचला.

---

शमी | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

गोट्या? झालं का? की अजून यार्डात सीटखाली अडकला आहात?

---

गोठलेला_गोट्या | ९ डिसेंबर, रात्री ११:१५

झालं. फोटो चढत नाहीयेत, शब्दांवर भागवा.

सीटा मिळाल्या. खाली गाळ नव्हता. एक वाळलेला फ्रेंच फ्राय, पेन्सिल आणि कुत्र्याचे इतके केस की त्यातून दुसरा कुत्रा झाला असता. बॅटरी लावली तर ड्रायव्हरची सीट दोन्हीकडे गरम, प्रवाशाची फक्त पाठ. गादीची तार मेलेली. ते दाखवून २० डॉलर कमी करून घेतले.

माझ्या गाडीतले बोल्ट तीन निघाले, चौथा नाही. बोल्टू, तुमची वाणी खरी झाली. दोन दिवस तेल मारून, तिसऱ्या दिवशी दांड्यावर पाईप चढवून उभा राहिलो तेव्हा 'कट्ट' असा आवाज आला. वाटलं बोल्ट तुटला, पण निघाला होता. इतका आनंद पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

सीटा दोन दिवस दिवाणखान्यात ठेवल्या होत्या. मुलं त्यांच्यावरच बसून जेवली. बायको म्हणाली यांना इथेच राहू दे, सोफ्यापेक्षा बऱ्या आहेत.

प्रवाशाच्या गादीत सुलभाताईंचा पॅड घातला. म्हणजे तुमचंही ऐकलं. पाठ उघडली नाही, फक्त गादी. चार तास नाही लागले, सहा लागले. सुरकुती आहे. जुनी बक्कलं नव्या सीटांना लावली. 'साइड एअरबॅग'ची पट्टी काढली आणि गाडीच्या कागदांत चिठ्ठी ठेवली की या सीटांतल्या एअरबॅग जोडलेल्या नाहीत. एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर नेहमीसारखा लागून विझतो.

वायरिंग वसंतरावांनी सांगितलं तसंच. फक्त टेपवर नावं लिहायची राहिली. म्हणजे टेप लावली होती, लिहिलं नव्हतं.

---

वायरमन_वसंत | ९ डिसेंबर, रात्री ११:३०

आता पुढचं मीच सांगू का?

---

गोठलेला_गोट्या | ९ डिसेंबर, रात्री ११:४८

नको, सांगतो. काल सकाळी उणे १९. मी ऐटीत माझा स्विच 'हाय'वर टाकला. पाच मिनिटं झाली तरी ढिम्म. फ्यूज तपासायला पुलाखाली गाडी बाजूला घेतली, तेवढ्यात शेजारून बायको म्हणाली, "अरे, मी तर बटण लावलंच नाही, तरी ही सीट किती छान तापलीय."

दोन्ही उलट जोडलेत. दुरुस्त करायला पूर्ण कन्सोल परत काढावं लागणार, आणि मागच्या वेळी त्याच्या दोन क्लिपा तुटल्यात (एडमंटनकर, बिस्किटासारख्याच). तोवर तिच्या सीटचा कारभार माझ्याकडे आणि माझ्या सीटचा तिच्याकडे. आज मॉलमधून परत येताना काहीतरी बोलून गेलो, तर घरापर्यंत सीट गार.

---

सेफ्टी_सुलभा | १० डिसेंबर, सकाळी ७:४०

चिठ्ठीबद्दल धन्यवाद. मी अजूनही तुमच्या जागी असते तर पॅडच घातले असते. पण पट्टी काढलीत हे बरं केलंत. मुलं पुढच्या सीटवर नाहीत ना बसवत?

---

गोठलेला_गोट्या | १० डिसेंबर, सकाळी ८:०५

नाही ताई, दोघंही मागेच. मागे कापडी सीटा आहेत, त्यावरून रोज भांडण होतं.

---

नागपुरी_संत्रं | १० डिसेंबर, सकाळी ८:३०

अन् ते आरशाची काच आणायला गेल्ते ना तुम्ही? आणली का?

---

गोठलेला_गोट्या | १० डिसेंबर, सकाळी ८:३३

…राहिलीच.